भाच्याचा गेमिंग पीसी: ५७ हजारांत पार्ट कसे जमवले आणि दीड वर्षानंतर काय वाटतं

कमी पैशात गेमिंग पीसी जुळवायचा असेल तर आधी ग्राफिक कार्ड ठरवा, मग एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), आणि उरलेल्या पैशात बाकीचं बसवा. २०२४ च्या जूनमध्ये भाच्यासाठी पीसी बनवताना मी हाच हिशोब धरला होता आणि आता दीड वर्ष तो पीसी रोज चालतोय म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. कारण इकडे अकोल्यात अजूनही कुणी पोरगं पीसी घ्यायला निघालं की पहिला प्रश्न "आय फाइव्ह घेऊ का आय सेव्हन" हाच असतो, आणि कार्डाचं विचारलं तर "चार जीबीचं आहे" एवढंच उत्तर येतं, कुठलं ते माहीतच नसतं.

पैशाचं आधी सांगतो, कारण त्यामुळेच एवढा विचार केला. भाऊजींनी सोयाबीनच्या पैशातून ३५ हजार बाजूला ठेवले होते, पोरगा बारावी चांगल्या मार्कांनी झाला की कॉम्प्युटर घेऊन देऊ असं त्यांनी कबूल केलं होतं. ताईने भिशीतले १० घातले. बाकीचे मामा म्हणून माझे. शेतीतून आलेले पैसे आहेत, भाव मिळेल तेव्हा मिळतो, त्यामुळे दोन वर्षांनी "हे घ्यायला नको होतं" असं म्हणायची वेळ येऊ द्यायची नव्हती.

निकाल लागल्यावर भाच्याने मला पहिलीच लिंक पाठवली ती ऑनलाइन रेडिमेड पीसीची. कोअर आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, एसएसडी, चमकणारे पंखे, आणि भाव १९ हजार. "मामा, एवढ्यात येतोय तर ५० कशाला घालायचे?" त्याचं बरोबर होतं, वाचून कुणालाही तसंच वाटेल. मग मी त्याला खाली खाली जाऊन बारीक अक्षरातलं वाचायला लावलं. आय सेव्हन म्हणजे आय सेव्हन २६००, हा प्रोसेसर २०११ चा. मदरबोर्ड एच ६१, म्हणजे त्याच काळातला चिपसेट. रॅम डीडीआर ३. आणि ग्राफिक कार्ड जीटी ७३०, जे २०१४ साली आलं तेव्हासुद्धा गेमिंगचं कार्ड नव्हतं, मॉनिटरला चित्र देण्यापुरतं होतं. त्यावर चार जीबी मेमरी लावली म्हणून ते वेगवान होत नाही. इंटेलच्या नावात आय सेव्हन नंतर जो आकडा येतो त्याच्या सुरुवातीला पिढी असते, २६०० म्हणजे दुसरी पिढी, ३७७० म्हणजे तिसरी, १२१०० म्हणजे बारावी. बारावीचा साधा आय थ्री त्या जुन्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. हे एकदा कळलं की असल्या लिंका आपोआप बंद होतात, त्याच्या बंद झाल्या.

आता कार्ड. आमची गरज साधी होती, १०८० पी (फुल एचडी) वर गेम नीट चालावेत, व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह, फोर्झा, आणि त्याला सायबरपंक एकदा खेळायचाच होता. २० हजारांच्या आसपास तेव्हा तीन कार्डं दिसत होती. एक आरटीएक्स ३०५० सहा जीबी, एक आरएक्स ६६००, आणि जरा ताणलं तर २५-२६ ला आरटीएक्स ३०६० बारा जीबी.

३०५० चं इथे थांबून सांगतो कारण यात खूप जण फसतात. ३०५० नावाची दोन कार्डं आहेत. आधीचं २०२२ चं आठ जीबीवालं, त्यात २५६० कोअर आणि १२८ बिटचा मेमरी बस (कोअर आणि मेमरीमधला रस्ता). आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं सहा जीबीवालं, त्यात २३०४ कोअर आणि बस ९६ बिट. म्हणजे नाव तेच पण फक्त दोन जीबी मेमरी कमी आहे असं नाही, आतलं कार्डच लहान आहे. त्याचा एक गुण मात्र खरा, ७० वॅटच घेतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे कुणाकडे ऑफिसचा जुना ब्रँडेड पीसी असेल आणि त्यात एसएमपीएस बदलता येत नसेल तर त्याच्यासाठी ते चांगलं आहे. नव्याने जुळवणाऱ्याने घेऊ नये. आरएक्स ६६०० हे त्या आठ जीबीवाल्या ३०५० च्याही पुढे पळतं, आणि भावात फरक दोन-तीन हजारांचा.

६५०० एक्सटी स्वस्त मिळत होतं, चौदाच्या आसपास, पण त्यात चारच जीबी मेमरी आणि पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्डामधल्या रस्त्याच्या) चारच लेन, आणि व्हिडिओ एन्कोडर नाही म्हणजे गेम रेकॉर्ड करायचा तर सगळा भार प्रोसेसरवर. ते बाद. ३०६० बारा जीबी मला मनापासून आवडतं, ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) किंवा सीयूडीए (एनव्हिडियाच्या, म्हणजे आरटीएक्स, कार्डांवरच चालतं) लागणारं काही शिकायचं असेल तर तेच घ्या, पण नुसत्या गेमसाठी वरचे पाच हजार मला पटले नाहीत, त्या पाच हजारांत मला धड एसएमपीएस येत होता. ४०६० तर तेव्हा २९ ला होतं, विषयच नाही.

तर सॅफायर पल्स आरएक्स ६६००, दोन पंख्यांचं, २०,५०० ला. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेलं कार्ड, आठ जीबी, १३२ वॅट, एकच आठ पिनची केबल. दीड वर्षात एकदाही तक्रार नाही.

सेकंडहँडचाही विचार केला होता. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग कार्डावर व्हायचं बंद झालं आणि तेव्हापासून मायनिंगमध्ये घासलेली कार्डं बाजारात भरपूर आली, आरएक्स ५८० सहा-सात हजारांत मिळायचं. त्यातही एक गंमतीचा प्रकार आहे, २०४८ एसपी नावाचं ५८० येतं ते खरं म्हणजे ५७० च आहे, नावातले २०४८ म्हणजे आतले कोअर, खऱ्या ५८० मध्ये ते २३०४ असतात. समोर अर्धा तास चालवून बघता येत असेल, विकणारा ओळखीचा असेल तर घ्यायला हरकत नाही. पण भाऊजींच्या पैशाला वॉरंटी हवी होती.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, ११,५०० ला पडला. याचाच भाऊ ५५०० तीन हजारांनी स्वस्त होता आणि कागदावर सारखाच दिसतो, सहा कोअर बारा थ्रेड. पण ५६०० मध्ये एलथ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ एमबी आहे, ५५०० मध्ये १६, आणि गेममध्ये कॅशचा फरक पडतोच, व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये तर जास्त. शिवाय ५५०० हा पीसीआयई ३ वर अडतो. पैसे अगदीच कमी असतील तर ५५०० घ्या आणि वाचलेले पैसे कार्डात टाका, वाईट प्रोसेसर नाही तो. इंटेलचा १२४००एफ पण याच भावात होता आणि तोही तितकाच चांगला, तो घेतला असता तरी मी हेच लिहिलं असतं, फक्त बोर्डाचा हिशोब एएमडीकडे थोडा स्वस्त पडत होता. यातलं शेवटचं एफ म्हणजे आत ग्राफिक नाही. ५६०० मध्येही नाही. ज्यांना कार्ड सहा महिन्यांनी घ्यायचंय त्यांनी ५६००जी घ्यावा, त्यात वेगा ग्राफिक आहे, हलके गेम चालतात, पण कॅश त्यातही १६ च.

बोर्ड बी ५५० चा घेतला, एमएसआयचा प्रो व्हीडीएच, ८,७०० ला. ए ५२० चा पाच हजारांत येत होता. इथे मी मुद्दाम साडेतीन-चार हजार जास्त घातले आणि यावर माझं एका मित्राशी भांडणही झालं. माझं म्हणणं असं की ६६०० कार्ड आठच लेन वापरतं, त्या आठ लेन पीसीआयई ४ च्या मिळाल्या तर बरं, ए ५२० वर त्या ३ च्या होतात, फरक थोडाफारच पडतो पण पडतो. त्यात चार रॅम स्लॉट, म्हणजे पुढे रॅम वाढवताना जुनी काढावी लागत नाही. एएम४ चं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, २०१७ पासून चालत आलंय आणि त्यावर पुढे आठ कोअरचा प्रोसेसर बसू शकतो. आज विचारलं तर मी सांगेन की बजेट पन्नासच्या आत असेल तर ए ५२० घेऊन टाका, चार फ्रेम कमी मिळतील. बी ४५० चा जुना स्टॉक मात्र बघून घ्या, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलेला नसेल तर ५००० सिरीजचा प्रोसेसर ओळखतच नाही, आणि घरी बसून डोकं धरावं लागतं.

रॅम कोर्सेअर व्हेन्जन्स एलपीएक्स, आठ-आठच्या दोन, ३२०० ची, ३,४०० ला. एकच सोळाची घेऊ नका, दोन काड्या असल्या की ड्युअल चॅनल चालतं आणि गेममध्ये त्याचा खरोखर फायदा होतो. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्यात बसवायच्या. एसएसडी डब्ल्यूडी ब्लू एसएन ५८०, एक टीबी, ५,४०० ला. ५०० जीबीवाली दोन हजारांनी स्वस्त होती पण एकटा जीटीएच शंभर जीबीच्या वर जागा खातो, असे चार गेम टाकले की ५०० संपली. नेटवर रोज डाउनलोड-डिलीट करत बसण्यापेक्षा एक टीबीच घ्या.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो विषय, एसएमपीएस.

आपल्याकडे कॅबिनेट घेतलं की सोबत ४५० वॅटचा एसएमपीएस जवळजवळ फुकट मिळतो आणि लोक खूश होतात. त्या एसएमपीएसच्या अंगावर एक स्टिकर असतो, तो वाचा. त्यात +१२ व्ही असं लिहिलेल्या रकान्याखाली अँपिअर दिलेले असतात. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जेवतात, त्यामुळे तोच आकडा खरा. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट, शाळेतलं गणित. १२ व्होल्टवर १६ अँपिअर लिहिले असतील तर तो १९२ वॅटचा एसएमपीएस आहे, बाहेर ४५० लिहा नाहीतर ८५० लिहा. आमचं कार्डच १३२ घेतं, प्रोसेसर ७०-७५ पर्यंत जातो, म्हणजे तिथेच दोनशे पार, त्यात पंखे, एसएसडी, बोर्ड. असा एसएमपीएस पहिल्या दिवशी चालतो. मग गेम चालू असताना पीसी अचानक बंद होतो, लोक कार्ड खराब म्हणतात, आणि एक दिवस तो जाताना बोर्डही घेऊन जातो. आमच्याच गल्लीत एकाचा असा गेलाय.

आम्ही घेतला डीपकूल पीके ५५० डी, ८० प्लस ब्राँझ, ४,२०० ला. याची जवळपास सगळी ताकद १२ व्होल्टवर आहे. ८० प्लस म्हणजे काय तेही सांगतो, तो वीज किती वाया जाते त्याचा दाखला आहे, सुरक्षेचा नाही. पण ज्या कंपनीने तेवढी टेस्ट करून घेतली तिने आत बरा माल टाकलेला असायची शक्यता जास्त, आणि ज्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही त्याच्याबद्दल तेवढंही म्हणता येत नाही. आमच्या पीसीला खरं तर ४५० चा चांगलाही पुरला असता, ५५० पुढच्या कार्डाचा विचार करून घेतला.

कॅबिनेट अँट एस्पोर्ट्सचं, समोर जाळी, तीन पंखे आधीच बसवलेले, ऑनलाइन ३,१०० ला. समोर काच असलेली दिसायला सुंदर असतात पण हवा आत जायला जागाच नाही, आणि अकोल्यात मे महिन्यात ४५ डिग्रीला हा शौक परवडत नाही. भाच्याला दिवे हवे होते, ते पंख्यातच होते, तो खूश.

टॉवरचे एकूण ५६,८०० झाले. एसरचा २४ इंची आयपीएस मॉनिटर १०,२००, कीबोर्ड-माउस १,६००, आणि यूपीएस ३,१००, हे वेगळे.

कॅबिनेट आणि मॉनिटर ऑनलाइन मागवले कारण ते घेऊन ट्रेनमध्ये चढणं अवघड. बाकी सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. अकोल्यात मिळत नाही असं नाही, पण ६६०० आणि बी ५५० एकाच वेळी कुणाकडेच नव्हते, मागवून देतो म्हणाले, आणि मागवायचा भाव दोन-तीन हजारांनी वर. मामा-भाचे रात्रीच्या अंबा एक्स्प्रेसला बसलो, पहाटे दादरला उतरून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड. दुकानं उघडायला अकरा वाजतात त्यामुळे स्टेशनसमोर मेरवानमध्ये मावा केक आणि चहा, भाच्याने तीन केक खाल्ले. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. आणि रस्त्याचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, नवख्या माणसाने मॅपवर लॅमिंग्टन शोधलं तरी तिथेच पोचतो.

पहिल्या दुकानातला अनुभव चांगला नव्हता. यादी दिली, भाव ऐकले, सगळे आमच्या अंदाजापेक्षा कमी, आम्ही हो म्हटलं. बिल करताना म्हणतो, "जीएसटी वेगळा लागेल साहेब." अठरा टक्के! म्हणजे चाळीस हजारांच्या मालावर सात हजार दोनशे वर. नको असेल तर कच्चं बिल घ्या, म्हणजे साध्या कागदावर लिहून देतो. कच्च्या बिलावर उद्या वॉरंटी मागायला गेलं की कोण उभं करणार? तेही सोडा म्हटलं, आपण बिलाचेच पैसे देऊ, तर तेवढ्यात त्याने एसएमपीएस बदलला. "हा पाचशे वॅटचा घ्या, सेमच आहे, दीड हजार वाचतील." मी खोका फिरवून स्टिकर वाचला, १२ व्होल्टवर १६ अँपिअर. भाच्याला दाखवला, त्याने तिथेच मोबाइलवर गुणाकार केला आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही यादी परत घेऊन निघालो.

दुसरं दुकान एका जुन्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर, छोटंसं, एक वयस्कर काका आणि त्यांचा मुलगा. नाव टाकत नाही, पण तो अनुभव तसाच लिहिणं मला गरजेचं वाटतं कारण चांगलं दुकान कसं असतं ते त्यावरून कळतं. काकांनी यादी वाचली, भाव सगळे जीएसटी धरून सांगितले, प्रत्येक खोका आमच्यासमोर फोडला, सीरियल नंबर खोक्यावरचा आणि पार्टवरचा जुळवून बिलात लिहिला. कार्ड त्यांच्या काउंटरवरच्या उघड्या बोर्डावर लावून चालू करून दाखवलं. आणि निघताना विचारलं, "घरी यूपीएस आहे ना? आणि अर्थिंग आहे का? बघून घ्या हो, अर्धी पोरं पीसीला शॉक येतो म्हणून मला फोन करतात." भावात पहिल्या दुकानापेक्षा, जीएसटी धरून, शंभर-दोनशेचाच फरक होता. जूनचा पाऊस सुरू झालेला, काकांच्या मुलाने सगळे खोके दोन-दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून दिले. संध्याकाळी सीएसएमटीवरून परत अंबा. भाचा कार्डाची पिशवी मांडीवर घेऊन झोपला.

जोडणी घरी केली, ताईच्या समोरच्या खोलीत, चादर काढून नुसत्या फरशीवर. मी सांगत होतो, हात त्याचे. पाच तास लागले, त्यातला एक तास फक्त एएमडीच्या कूलरने खाल्ला. ५६०० सोबत रेथ स्टेल्थ नावाचा कूलर येतो तो चार स्क्रूने बसतो, त्यासाठी बोर्डावर आधीच लावलेल्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात, आणि त्या काढल्या की मागची लोखंडी प्लेट सुटून खाली पडते. एकाने मागून प्लेट धरायची, दुसऱ्याने पुढून स्क्रू तिरपे-तिरपे थोडेथोडे आवळायचे. पेस्ट लावलेलीच असते, बोट लावू नका.

पहिल्यांदा चालू केला, पंखे फिरले, स्क्रीन काळी. भाच्याचा चेहरा उतरला. केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावली होती, आणि ५६०० मध्ये ग्राफिकच नाही तर तिथून चित्र येणार कुठून, खाली कार्डावर लावली आणि लगेच आलं. ज्यांचा नवीन पीसी "डिस्प्ले देत नाही" त्यांनी दुकानात उचलून न्यायच्या आधी हे बघा.

मग बायोसमध्ये तीन गोष्टी करायच्याच. रॅम ३२०० ची घेतली तरी सुरुवातीला ती कमी वेगाने चालते, एक्सएमपी चालू करावं लागतं, मग टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दिसतं. दुसरं रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू करा, ६६०० ला त्याचा फायदा होतो आणि पैसे लागत नाहीत. तिसरं, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग दोन्ही चालू लागतात, नाहीतर गेम उघडतच नाही. आणि विंडोजमध्ये जाऊन मॉनिटरचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं) स्वतः बदला, तो ६० वरच असतो. लोक महिनोन्‌महिने १४४-१६५ चा मॉनिटर ६० वर वापरतात.

आता काकांनी विचारलेलं अर्थिंग. ताईचं घर जुन्या शहरात, वायरिंग माझ्या लहानपणीचं. पीसी चालू असताना भाच्याने अनवाण्या पायाने कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या आल्या. ताई घाबरली, बंद करून ठेव म्हणाली. प्रकार असा असतो की एसएमपीएसच्या आत तारांमधला गोंधळ गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते अर्थच्या पिनला जोडलेले असतात, आणि ती पिन पुढे जमिनीपर्यंत जातच नसेल तर साधारण निम्मा व्होल्टेज कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसतो. करंट अगदी थोडा असतो, पण झिणझिणतं, आणि पेन ड्राइव्ह, हेडफोन लावताना पार्टनाही त्रास. इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावला, फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला पाहिजे तिथे काहीच धड येत नव्हतं. तीन पिनचा सॉकेट भिंतीवर होता, मागे तिसरी तार नव्हतीच. मग अंगणात खड्डा घेतला, कोळसा-मीठ टाकून अर्थिंग केली, त्या खोलीपर्यंत हिरवी तार ओढली. दोन हजार सहाशे लागले आणि ते मी पीसीच्याच खर्चात धरतो. नुसत्या पीसीसाठी नाही, त्या घरात फ्रिज आहे, गिझर आहे, इतकी वर्षं सगळं तसंच चालू होतं. ज्यांचं घर जुनं आहे त्यांनी पार्टची यादी करायच्या आधी एक दिवस मल्टिमीटर लावून घ्या, मनापासून सांगतो.

यूपीएस ६०० व्हीएचा आहे, म्हणजे खरी ताकद ३६० वॅट, लाइट गेल्यावर गेम बंद करून नीट शटडाउन करायला पाच-सात मिनिटं मिळतात, त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये.

गेमचं सांगायचं तर १०८० पी वर आमच्या अपेक्षेपेक्षा चांगलं. व्हॅलोरंट सेकंदाला २०० फ्रेमच्या वरच असतं. जीटीए फाइव्ह व्हेरी हायवर मस्त, फोर्झा होरायझन ५ हायवर ऐंशीच्या पुढे. सायबरपंक मीडियमवर साठच्या वर मिळतो पण रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणं) चालू केलं की कार्ड बसतं, त्याचा नाद या कार्डावर करू नये. एल्डन रिंग मुळातच साठवर बांधलेला आहे, तिथे हे कार्ड आरामात. काही नवीन गेममध्ये टेक्स्चर अल्ट्राला नेलं की आठ जीबी कमी पडते, एक पायरी खाली आणायचं.

उन्हाळा हीच खरी परीक्षा होती. मे २०२५ मध्ये दुपारी कार्ड ७५ डिग्रीपर्यंत जायचं, ते ठीक, पण प्रोसेसर ८५-८७ ला, आणि या प्रोसेसरची हद्द ९० आहे. पंखा इतका ओरडायचा की बाजूच्या खोलीत भाऊजींना झोप येईना. बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर मायनस १५ केला, म्हणजे प्रोसेसरचा व्होल्टेज थोडा उतरवला, पाच-सहा डिग्री उतरले आणि वेग तसाच राहिला. आपल्या वऱ्हाडातल्या लोकांसाठी अजून एक, पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात पीसी ठेवू नका, खोली थंड होते हे खरं पण ती ओली हवा आत ओढली जाते, आमच्या कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूंना महिन्यातच गंज दिसला. जागा बदलली. पुढची जाळी भाचा दर पंधरा दिवसांनी रंगाच्या ब्रशने झाडतो, कापसाच्या दिवसांत तर आठवड्याने.

आज हाच पीसी घ्यायचा तर काय? २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव भडकले, एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागतेय आणि कंपन्या तिकडेच वळल्यात, त्यामुळे ३,४०० ला घेतलेली रॅम त्या भावात आता विसरा. एसएसडीही वर चाललीये. अशा वेळी कुणाकडे जुन्या पीसीतली डीडीआर ४ पडली असेल तर ती जपून ठेवा आणि एएम४ वरच जुळवा, नवीन प्लॅटफॉर्मला डीडीआर ५ च लागते आणि तिथे हिशोब आणखी बिघडतो. रॅम वापरलेली घ्यायला मी तयार आहे, त्यात झिजण्यासारखं फारसं काही नसतं, मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर लावून बघायचा. एसएमपीएस वापरलेला कधीच नाही.

मला आता फक्त तो प्रोसेसरचा कूलर बदलायचाय, एप्रिल लागायच्या आत. पंधराशेच्या आतला सिंगल टॉवर, एएम४ ला बसणारा, आणि आमच्या कॅबिनेटमध्ये १५५ मिमीच्या वर उंची चालत नाही. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात कुणी असा वापरला असेल तर दुपारचं टेंपरेचर किती येतं आणि पंख्याचा आवाज किती होतो तेवढं सांगा, भाऊजींची झोप त्यावर आहे.